सायबाच्या वाटेवरची भिंत

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४ : चँडलर ते सान हाविएर

आई बांद्याहून माझ्याकडे ॲरिझोनाला आली त्याला दोन महिने झाले. ग्रँड कॅन्यन बघून झाला, लास व्हेगासही झालं. परवा भाजी निवडत बसली होती तेव्हा मी तिला सांगितलं, "आई, आपल्या सायबाचं फेस्त इथेही असतं. मेक्सिकोत, मागदालेना नावाच्या गावात, ४ ऑक्टोबरला."

तिचा हात थांबला. "आपलो सायब? जुन्या गोंयचो?"

तोच. सेंट फ्रान्सिस झेवियर. बांद्यातल्या आमच्या हिंदू घरातूनही ३ डिसेंबरला कोणी ना कोणी जुन्या गोव्याला जायचंच. यंदा तर नोव्हेंबरात दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन आहे, आणि त्यासाठी आईने परतीचं तिकीट अलीकडे ओढून घेतलंय. त्यामुळे मागदालेनाला जायचं हे तिने त्या क्षणीच ठरवलं. मला मात्र त्या वाटेने जायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी. ही वाट मुळात तोहोनो ओओधम लोकांची. तोहोनो ओओधम म्हणजे वाळवंटातली माणसं. बाहेरचे त्यांना 'पापागो' म्हणत, ते नाव त्यांनी १९८६ साली अधिकृतपणे टाकून दिलं. त्यांच्या मुलखाच्या मधोमध अमेरिका आणि मेक्सिकोची हद्द आहे, आणि त्या हद्दीवर गेल्या तीस वर्षांत एकामागून एक कायदे येऊन बसले आहेत.

ऑक्टोबर उजाडला तरी पारा चाळिशीच्या वरच. दुपारी टूसॉनच्या दक्षिणेला सान हाविएरच्या देवळात पोचलो. देऊळच म्हणते, कारण आईने पायऱ्यांशी चपला काढल्या आणि मला तिला थांबवावंसं वाटलं नाही. फादर किनो हा जेझुइट पाद्री १६९२ मध्ये इथे, ओओधमांच्या वाक गावात आला आणि आपल्याच पंथाच्या झेवियरचं नाव त्याने या गावाला दिलं. आजची पांढरीशुभ्र इमारत पुढची, १७८३ ते १७९७ या काळात उभी राहिलेली. आत डावीकडे सायब आडवा झोपलेला आहे, लाकडी. अंगावर चादर, आणि चादरीला टाचलेले धातूचे इवलेसे हात, पाय, डोळे, शिवाय फोटो आणि हॉस्पिटलात मनगटाला बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, तेच हे. आई बराच वेळ एका पट्टीकडे बघत राहिली. जन्मलेल्या बाळाच्या मनगटाची होती ती, दोन बोटंही आत जाणार नाहीत एवढी.

बुधवार, २ ऑक्टोबर : सेल्स

सकाळी ८६ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो. डाव्या हाताला किट पीकचा डोंगर, माथ्यावर पांढऱ्या दुर्बिणी. तो डोंगरही ओओधमांचाच. १९५८ साली त्यांनी तो खगोलशास्त्रज्ञांना भाडेपट्ट्याने दिला. त्या शास्त्रज्ञांना ते 'लांब डोळ्यांची माणसं' म्हणत. त्याच्या दक्षिणेला बाबोकिवारीचा सुळका दिसतो, शाळिग्राम उभा करून ठेवावा तसा. त्यांचा आदिपुरुष इईतोई तिथल्या गुहेत राहतो.

तोहोनो ओओधम नेशनकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सरकारकडे, सुमारे २८ लाख एकर जमीन आहे. सेल्स ही राजधानी. राजधानी म्हणजे एक शाळा, एक दवाखाना, एक किराणा दुकान, सरकारी कचेऱ्या आणि कुत्री. रस्त्याकडेला मंडप टाकून एक बाई तेलात फुगवलेली मोठी रोटी विकत होती, तिच्याबरोबर तिची भाची. इथे या रोटीला पॉपओव्हर म्हणतात. वर तेपारी नावाच्या घेवड्यासारख्या कडधान्याची उसळ घालून देतात. तेपारी या वाळवंटातलंच धान्य, पावसाच्या एकदोन सरींवर येणारं. आईने उसळीचा घास घेतला आणि म्हणाली, "कुळथाच्या वळणाची आसा." त्या बाईने आईच्या चेहऱ्याकडे बघून तिला आणखी एक पळीभर वाढली. वय सत्तरीच्या पुढचं. मी त्यांना इथे आजीच म्हणते.

मागदालेनाला चाललोय म्हटल्यावर आजी खुर्ची ओढून आमच्याजवळ बसल्या. त्यांच्या लहानपणी सगळं गाव जायचं. घोडागाडी, पुढे ट्रक, आणि बरेच जण पायी. दक्षिणेला सान मिगेलजवळ तारेच्या कुंपणात एक फाटक होतं, गुरांनी ओलांडू नये म्हणून जमिनीत लोखंडी नळ्या घातलेलं. त्यातून पलीकडे गेलं की नात्यातली गावं लागायची. रात्री कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर मुक्काम. आई हे ऐकताना मान हलवत होती. वारीत माणसं अशीच उतरतात, घर ठरलेलं असतं.

ती गावं परदेशात कशी गेली तेही सांगते. १८५३-५४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोकडून हा मुलूख १ कोटी डॉलरला विकत घेतला. करार करणाऱ्या गॅड्सडेनच्या नावाने तो व्यवहार ओळखला जातो. ओओधमांना कोणी विचारलं नाही. "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली," हे वाक्य इथे प्रत्येकाच्या तोंडी असतं. तरी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ती रेघ कागदावरच होती. खरा फरक १९९४ नंतर पडला. सान दिएगो, एल पासो, नोगालेस या शहरांशी पहारा आणि कुंपण वाढवलं गेलं. हेतू असा की वाळवंटातून यायला कोणी धजणार नाही. माणसं धजली. या मुलखातून आली आणि तहानेने मेली. त्यांच्या मागोमाग सीमेवर गस्त घालणारं बॉर्डर पेट्रोल आलं. मग २००६ चा कुंपणाचा कायदा आला आणि नेशनच्या ६२ मैलांच्या हद्दीवर गाड्या अडवणारे लोखंडी खांब उभे राहिले. खांबांना नेशनने संमती दिली होती, कारण अमली पदार्थांच्या गाड्या त्यांच्याही अंगणातून जात होत्या. भिंतीला मात्र ते आजवर नाहीच म्हणत आले आहेत. ओओधम भाषेत भिंत या अर्थाचा शब्दच नाही, असं त्यांचे पुढारी सांगतात.

आजींना त्या खांबांचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं कागदाचं होतं. १ जून २००९ पासून जमिनीवरून सीमा ओलांडायलाही पासपोर्ट नाहीतर तशा तोडीचं ओळखपत्र लागतं. नेशनची मेक्सिकोच्या बाजूला सुमारे २,००० माणसं आहेत. त्यातली कितीतरी घरीच, सुईणीच्या हाती जन्मलेली. जन्माचा दाखला नाही, म्हणून पुढचा कुठलाच कागद नाही. टेक्सासातल्या किकापू जमातीसाठी १९८३ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून नागरिकत्वाची वाट मोकळी केली. ओओधमांसाठीही तशी विधेयकं आली, पण एकही मंजूर झालं नाही. आजींचं स्वतःचं कार्ड बाद झालंय, नवीन यायचंय. गुडघेही साथ देत नाहीत. बोलता बोलता त्यांनी पदराने पुसावं तसे ॲप्रनला हात पुसले आणि आईला म्हणाल्या, "माझ्यासाठी एक रिबन आणाल? त्याच्या अंगाला लावून."

मी भाषांतर करायच्या आधीच आई "हो" म्हणाली. पंढरीला निघालेल्या माणसाला शेजारीण 'माझाही दंडवत सांग' म्हणते, त्याला काय भाषांतर लागतं? आजींनी पाच डॉलरची नोट पुढे केली. आईने ती घेतली. मी गाडीत तिला विचारलं, का घेतलेस? म्हणाली, "घेतले नाहीत तर ती रिबन तिची कशी होणार?"

रात्री आहो गावात मुक्काम.

गुरुवार, ३ ऑक्टोबर : कितोबाकितो

पहाटे पाचला उठलो, ऊन चढायच्या आत जायचं होतं. ऑर्गन पाइप हे १९३७ पासूनचं राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित अरण्य. ही जमीन आज नेशनच्या ताब्यात नाही, पण ती ओओधमांचीच जुनी भूमी, विशेषतः हिआ-सेड ओओधम म्हणजे वाळूतल्या लोकांची. लुकव्हिलच्या अलीकडे कच्च्या रस्त्याला वळलो आणि भिंत दिसली. ९ मीटर उंचीचे, काँक्रीट भरलेले चौकोनी लोखंडी खांब, एकाशेजारी एक, डोळा पोचेल तिथवर. मैलन् मैल आम्ही तिच्या कडेने गाडी चालवली. एका ठिकाणी उतरून आईने खांबाला हात लावला. दोन खांबांमधली फट तिने मोजली. चार बोटं. त्या फटीतून पलीकडे मेक्सिकोतलं एक सगुआरो निवडुंग दिसत होतं. अलीकडे त्याच जातीचे दोन. ओओधमांचं नवं वर्ष या निवडुंगाच्या फळाने सुरू होतं. जूनअखेरीला, पावसाच्या तोंडावर, निवडुंगाच्याच वाळलेल्या कांबी जोडून केलेल्या आकडीने फळं काढतात आणि त्यांच्या रसाची वारुणी करून पावसाला बोलावतात. सगुआरोला ते माणूसच मानतात. ही भिंत बांधताना जेसीबीसारख्या यंत्रांनी त्यांतले कित्येक मुळासकट आडवे केले.

संरक्षित अरण्यात हे झालं कसं? मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, म्हणून मी कलम काढून पुन्हा वाचलं. २००५ साली 'रिअल आयडी' नावाचा कायदा झाला. तोही स्वतंत्र नाही, इराक-अफगाणिस्तानच्या युद्धाचा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांची मदत असलेल्या विधेयकाला जोडून. त्याच्या कलम १०२ ने अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्याला असा अधिकार दिला की सीमेवर कुंपण, भिंत, रस्ता बांधायला आड येणारा कुठलाही कायदा त्याने आपल्या एका आदेशाने बाजूला ठेवावा. कोर्टात जायचं तर फक्त राज्यघटनेच्या मुद्द्यावर, तेही ६० दिवसांत, आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. २००८ मध्ये एका फटक्यात तीसहून जास्त कायदे असे बाजूला ठेवले गेले. २०१९ मध्ये या अरण्यासाठी पुन्हा तसाच आदेश निघाला. त्यात पर्यावरणाचे कायदे होते, पाण्याचा होता, दुर्मिळ प्राण्यांचा १९७३ चा होता. आणि १९९० चा तो कायदाही होता, ज्यानुसार मूलनिवासींच्या पूर्वजांची हाडं सापडली तर काम थांबवून त्यांच्या वंशजांना विचारावं लागतं. १९७८ चा त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचाही. हे दोन कायदे मिळायला मूलनिवासींना कित्येक पिढ्या लागल्या होत्या. ते नाहीसे करायला एक सही पुरली. सुरक्षेसाठी सीमा राखावी हे मला मान्य आहे, ओओधमांनाही आहे. त्यांच्यातलेच माग काढणारे 'शॅडो वुल्व्ज' १९७० च्या दशकापासून तस्करांचा माग काढताहेत. पण ज्याच्या आजोबांची कबर आहे त्याला विचारायचंही नाही, अशी मुभा देणारा कायदा मला कायदा वाटत नाही.

लुकव्हिलजवळच्या मॉन्युमेंट हिल या टेकडीत जुन्या लढाईत पडलेल्या अपाची जमातीच्या योद्ध्यांना ओओधमांनी मूठमाती दिली होती, असं त्यांचे वडीलधारे सांगतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे सुरुंग लावले गेले. २६ फेब्रुवारीला नेशनचे तेव्हाचे अध्यक्ष नेड नॉरिस ज्युनियर वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देत होते. अमेरिकेच्या सैनिकांची आर्लिंग्टन दफनभूमी आहे, तिच्यात भिंत घालण्यासारखंच हे आहे, अशी तुलना त्यांनी केली. त्याच दिवशी टेकडीवर स्फोट चालू होते.

पुढे कितोबाकितोचं तळं. ओओधम त्याला अ'अल वाइपिया म्हणतात, लहान विहिरी. झऱ्याचं पाणी उथळ चरातून खळखळत तळ्यात येतं. चरात वाकून बघितलं तर नखाएवढे मासे सुळकन् फिरताना दिसतात. या जातीची अमेरिकेतली नैसर्गिक वस्ती फक्त इथली. पाणथळ झुडपात लावा पक्षी ओरडत होते. तळ्याच्या काठावरून मान वर केली की दोनशे यार्डांवर भिंत. तिच्या काँक्रीटसाठी आसपासच्या विहिरींतून पाणी उपसलं आणि २०२० च्या उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसायला लागला. पुढे २०२२ मध्ये तळ्याला नवीन अस्तर घातलं, आता पाणी आहे. पण इथली माणसं तर त्याच्याही आधी गेली. १९५७ मध्ये उद्यान खात्याने शेवटच्या ओओधम कुटुंबाचा हक्क विकत घेतला आणि घरं पाडली. आता फक्त कबरी आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये अँबर ऑर्टेगा ही हिआ-सेड ओओधम बाई इथे भिंतीच्या यंत्रांपुढे उभी राहिली. तिला अटक झाली, खटला चालला. आपला धर्म आपल्याला इथे यायला सांगतो, असं तिचं म्हणणं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी धर्मस्वातंत्र्याच्याच दुसऱ्या, १९९३ च्या कायद्याच्या आधारावर तिला निर्दोष सोडलं. तोवर इथली भिंत पुरी झालेली होती.

आईने ओंजळीत पाणी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "विचारूक कोण नाय हंय," म्हणाली. मग काठावर नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने आपणहून आजीबद्दल, म्हणजे तिच्या आईबद्दल बोलायला लागली. आजीचं माहेर पेडणे. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की झालं. १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीला गोळीबार झाला, मग हद्द बंद. आजी भावाच्या लग्नाला जाऊ शकली नाही. वडील गेले त्याची बातमी तिला तेराव्यानंतर कळली. "एकसष्ट साली गोंय सुटला, तेव्हा आई माका घेऊन चलत गेली," आई म्हणाली. "पत्रादेवीक पोचली आणि रस्त्यार बसली. हातांनी माती घेतली. मी नऊ वर्षांची. माका वाटला पडली."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

परतीला टूसॉनच्या अलीकडे ८६ वरच बॉर्डर पेट्रोलचा तपासनाका लागतो. आपण सीमा ओलांडलेली नसली तरी लागतोच. सीमेपासून १०० मैलांच्या आतलं क्षेत्र त्यांच्या अखत्यारीत येतं. सेल्सहून टूसॉनच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणाऱ्यालाही इथे थांबावं लागतं, आपल्याच गावाहून येताना, आपल्या नागरिकत्वाचं उत्तर द्यायला. आमच्या पुढे एक जुनी पिकअप होती, मागे गवताच्या गासड्या. चालवणाऱ्या म्हाताऱ्याला उतरवलं, कुत्रा गाडीभोवती फिरवला. आमची पाळी आली. मी ग्रीन कार्ड दाखवलं, आईने पासपोर्ट. अधिकारी सभ्यपणे बोलला, अर्ध्या मिनिटात "गो अहेड". निघताना आरशात बघितलं, म्हातारा अजून उन्हात उभा होता. चौदा हजार किलोमीटरवरून आलेल्या आम्हाला अर्धं मिनिट लागलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर : मागदालेना

नोगालेसला सीमा ओलांडून दक्षिणेकडे जायला काहीच वेळ लागला नाही. पलीकडे रस्त्याच्या कडेने माणसं चालत होती. नोगालेसपासून मागदालेना नव्वदेक किलोमीटर. खांद्यावर घोंगडी, पायात बूट, काहींच्या हातात काठी, बाबागाडीत मूल. गावोगावचे लोक रस्त्यावर टेबलं मांडून त्यांना संत्री आणि पाणी देत होते. आई खिडकीची काच खाली करून बघत राहिली.

गावात पाऊल ठेवायला जागा नाही. हातभर रुंदीच्या पोळ्या, क्विन्सच्या फळाची लालसर वडी, मेणबत्त्या, बँडवाले. चौकात जमिनीखाली काचेआड फादर किनोची हाडं आहेत, १९६६ मध्ये सापडलेली. सायबाच्या रांगेत आम्ही तीन तास उभे होतो. लोक रांगेतून पुढे येतात, मूर्तीच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात, आणि मानेखाली हात घालून डोकं उचलतात. ज्याचं मन साफ, त्यालाच ते उचलतं म्हणे. आईने विकत घेतलेल्या पाचही रिबिनी मूर्तीच्या छातीला लावल्या, आजींची निळी सगळ्यात आधी. मग मानेखाली हात घातला. उचललं. खाली ठेवताना तिने लहान बाळाला ठेवतात तसं दुसऱ्या हाताने टेकू दिला.

बाहेर सावलीत ओओधमांचं एक कुटुंब बसलं होतं, सोनोराच्या, म्हणजे मेक्सिकोच्या बाजूचं. त्यांच्यातला विशीतला मुलगा इंग्रजी बोलत होता. त्याची थोरली मावशी सेल्सजवळ राहते. त्याच्या आईची आणि मावशीची शेवटची भेट याच अंगणात, सहा वर्षांपूर्वी. त्याची आई घरी जन्मली, दाखला नाही. दोन्ही देशांच्या कचेऱ्या तिला एकमेकांकडे पाठवतात. पूर्वी डोळ्यांच्या उपचारासाठी ती सेल्सच्या दवाखान्यात जायची, फाटकातून, ओळखीच्या माणसाच्या गाडीने. "आता मावशी इकडे आली तरच," तो म्हणाला. त्याची आई आमच्याकडे बघून हसत होती, एक डोळा पांढरट झालेला. मी सेल्समधल्या आजींचं सांगितलं. तो म्हणाला, आमची मावशी नाही ती, पण ओळखत असेल, सगळे सगळ्यांना ओळखतात.

शनिवार, ५ ऑक्टोबर

परतताना नोगालेसला गाड्यांच्या रांगेत साडेतीन तास. त्याचं काही सांगण्यासारखं नाही. टूसॉनला पोचलो, वरणभात केला आणि झोपलो.

रविवार, ६ ऑक्टोबर : पुन्हा सेल्स

घरचा रस्ता उत्तरेला, आम्ही पश्चिमेला गेलो. मंडप तिथेच होता. आजी आल्या नव्हत्या, गुडघा धरला होता म्हणून घरी. भाची एकटी कणीक मळत होती. आईने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि निळी रिबन तिच्यापुढे धरली. भाचीने पिठाचे हात मनगटापर्यंत धुतले, पुसले, मग घेतली. नाकाशी नेली. मेणबत्तीच्या धुराचा वास होता तिला.

"त्याचं डोकं उचललं तुम्ही?" तिने आईला विचारलं.

आईने मान डोलावली आणि तळहात पुढे करून दाखवलं, किती जड होतं ते.

भाचीने शेगडी बंद केली, मंडपाच्या खांबावरची किल्ली काढली आणि आम्हाला म्हणाली, "चला. तिच्या हातात तुम्हीच द्या."